भिंतीबाहेरची रात्र: तगण्याचे आणि बांधण्याचे खेळ इतके निवांत का वाटतात?

व्हॅलहाइम या खेळात एक वेळ अशी येते, की जेव्हा काहीही घडत नसते, आणि अनेक खेळाडूंना नेमकी तीच वेळ सर्वांत प्रिय असते. बाहेर मिट्ट काळोख असतो, पाऊस कोसळत असतो, दूरच्या झाडीतून कुणा अक्राळविक्राळ प्राण्याचे घोगरे ओरडणे ऐकू येत असते, आणि आपण आपल्याच हाताने तोडलेल्या लाकडांच्या खोपटात शेकोटीपाशी बसलेलो असतो. शेकोटीवर मांस भाजत असते. बटण दाबायचे नसते, गुण मिळत नसतात, कुणाशी स्पर्धा नसते. व्हिडिओ गेम म्हणजे धावपळ, गोळीबार आणि घड्याळाशी शर्यत, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे पाहून प्रश्न पडतो, की पडद्यावरच्या खोट्या पावसात खोट्या शेकोटीपाशी बसण्यासाठी कुणी पैसे का मोजावेत? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘विरंगुळा’ या एका शब्दात आटोपण्यासारखे नाही.

या जातीच्या खेळांना सर्व्हायव्हल गेम म्हणतात. आपण त्यांना तगण्याचे खेळ म्हणू. साचा सर्वांचा साधारण एकच असतो. खेळाडू एका अनोळखी प्रदेशात रिकाम्या हातांनी उतरतो. सापडेल ते लाकूड आणि दगड गोळा करून हत्यारे बनवतो, त्या हत्यारांनी आणखी चांगले सामान मिळवतो, पोटाची सोय करतो, आणि रात्र होण्यापूर्वी डोक्यावर छप्पर येईल असे पाहतो. हा साचा घराघरांत पोहोचवला तो माइनक्राफ्टने. स्टॉकहोमच्या मार्कस पर्सन याने १७ मे २००९ रोजी त्याची पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे ठेवली, पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोजँग ही त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलर्सना विकत घेतली, आणि २०२३ मध्ये खपलेल्या प्रतींचा आकडा ३० कोटींपलीकडे गेल्याचे जाहीर झाले. व्हॅलहाइम हेही स्वीडनचेच अपत्य. आयर्न गेट या पाच जणांच्या चमूने ते २ फेब्रुवारी २०२१ रोजी अपुऱ्या अवस्थेतच विक्रीला काढले आणि महिनाभरात त्याच्या ५० लाख प्रती खपल्या. हिवाळ्यात लांबच लांब रात्री असणाऱ्या देशातून हे दोन्ही खेळ यावेत, याला निव्वळ योगायोग म्हणायला माझे मन तयार होत नाही. अर्थात हा झाला माझा तर्क.

नावातच तगणे आहे, म्हणजे न तगण्याची शक्यताही आहे. भूक लागते, उंचावरून पडल्यास इजा होते, रात्री राक्षस अंगावर येतात, आणि मेल्यावर जवळचे सामान जागच्या जागी राहून जाते. एवढी संकटे ज्यात ठासून भरलेली आहेत तो खेळ माणसाला निवांत कसा करतो? संकटे खोटी आहेत म्हणून, हे उत्तर सहज सुचते. पण बंदुकांच्या खेळातली संकटेही खोटीच असतात आणि ते खेळून उठणाऱ्याचे तळवे घामेजलेले असतात. दुसरे उत्तर असे दिले जाते, की लोकांना मुळात बांधण्यात रस असतो आणि संकटे हा केवळ नसता व्याप असतो. या दुसऱ्या उत्तराची परीक्षा माइनक्राफ्टमध्येच घेता येते.

त्या खेळात ‘क्रिएटिव्ह’ नावाचा एक प्रकार आहे. त्यात भूक नाही, मरण नाही, सामान अमर्याद आहे आणि खेळाडूला उडताही येते. ज्याला प्रचंड शहर वसवायचे आहे किंवा एखाद्या वास्तूची हुबेहूब प्रतिकृती उभारायची आहे, त्याच्यासाठी तो उत्तमच आहे. पण तिथे बांधलेल्या घराकडे जरा वेळ पाहिले की लक्षात येते, की त्या घराला भिंतींची गरजच नाही. दार कुणाला अडवत नाही, छप्पर कशापासून वाचवत नाही, आणि हवी ती वस्तू क्षणात हजर होत असल्यामुळे कोठारात काही साठवून ठेवायला कारण उरत नाही. ते घर नसते, घराचे शिल्प असते. याउलट सर्व्हायव्हल प्रकारातले पहिले घर बहुधा मातीच्या ब्लॉकांचे म्हणजे चौकोनी ठोकळ्यांचे, बिनखिडकीचे, दोन पावलांत संपणारे आणि दिसायला अगदीच कळाहीन असते. तरीही पुढे कित्येक वर्षांनी आठवते ते तेच, कारण त्याच्या चारही भिंतींनी त्या रात्री काम केलेले असते.

ज्यांनी लहानपणी दिवाळीत किल्ला केला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. चाल करून येणारा शत्रू अंगणात कुठेही नसतो, पण किल्ला करणारी पोरे त्याला क्षणभरही विसरत नाहीत. तट इथूनच का न्यायचा, बुरूज किती पुढे काढायचा, तोफेचे तोंड कुणीकडे करायचे, मावळा दरवाजाच्या आत उभा राहणार की बाहेर, आणि भुयार नेमके कुठे निघणार, या सगळ्या भांडणांचा निकाल त्या न दिसणाऱ्या शत्रूकडे बघून लावला जातो. पुढे अळीव उगवून किल्ला हिरवागार होतो ती वरकड कमाई. शत्रूची कल्पना काढून घेतली, तर उरतो तो विटांवर थापलेला चिखल. तगण्याच्या खेळातली रात्र हेच काम करते, आणि म्हणून तिला व्याप म्हणणे बरोबर नाही. तिच्यामुळेच आतल्या उबेला काही अर्थ येतो.

मात्र तो शत्रू कसा आहे, यावर खेळ निवांत होणार की छळवादी, हे ठरते. माइनक्राफ्टचा दिवस आपल्या घड्याळाने २० मिनिटांचा असतो आणि त्यातली खरी रात्र सुमारे ७ मिनिटांची. सूर्य कलताना दिसतो, त्यामुळे संकट अवचित कोसळत नाही. ते वेळापत्रकाप्रमाणे येते. शिवाय ते नियमाने बांधलेले असते. राक्षस अंधारातच उत्पन्न होतात. मशालीचा उजेड तिच्या जागी १४ एकक असतो आणि दर ब्लॉकमागे तो एकाने कमी होत जातो. पूर्वी ७ किंवा त्याहून कमी उजेड असलेल्या जागी राक्षस जन्मत, २०२१ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून दिव्यांचा उजेड पूर्ण शून्य असेल तिथेच ते जन्मतात. म्हणजे भीतीवरचा उपाय हा एक साधा हिशेब आहे, किती अंतरावर किती मशाली लावायच्या एवढाच. खऱ्या आयुष्यातल्या चिंतांचे असे नसते. नोकरीचे काय होणार, कर्जाचा हप्ता वेळेवर जाणार का, गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या गुडघ्यांचे पुढे काय, या काळज्या दार लावले तरी आत येतात आणि त्यांना वेळापत्रक नसते. खेळात एका वेळी एकच काळजी असते, आणि तिचा उपाय आपल्या हातात, अगदी शब्दशः हातात, असतो.

भुकेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. माइनक्राफ्टमध्ये मुळात भूक नव्हती. ती सप्टेंबर २०११ मध्ये आली, आणि आली तीही खेळाडूच्या सोसण्याप्रमाणे. ‘पीसफुल’ पातळीवर भूक लागतच नाही आणि हल्ला करणारे राक्षसही जवळपास नसतात. ‘ईझी’ पातळीवर कितीही उपाशी राहिले तरी प्राण मोजणाऱ्या दहा बदामांपैकी पाच शिल्लक राहतात. ‘नॉर्मल’वर अर्धा बदाम उरतो, आणि भुकेने मरण येते ते केवळ ‘हार्ड’वर. व्हॅलहाइमने तर ही गोष्ट मुळापासून उलटी करून टाकली. तिथे उपासमारीने कुणी मरत नाही. एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ खाता येतात, प्रत्येकाने प्राण आणि दम वाढतो, आणि काहीच खाल्ले नाही तर माणूस अशक्त राहतो, इतकेच. नियमातला बदल एवढासा, पण भूक शिक्षा न राहता जेवण हे बक्षीस झाले, की पोटाचा धाक जातो आणि उद्या डोंगरापलीकडे जायचे आहे तर आज काय शिजवावे, हा घरगुती विचार सुरू होतो. मरणाचेही तसेच. माइनक्राफ्टमध्ये सांडलेले सामान पाच मिनिटांत नाहीसे होते, तर व्हॅलहाइममध्ये ते थडग्यात सुरक्षित राहते आणि कमावलेल्या कौशल्यांतून काही अंश तेवढे कमी होतात. दोन्हीकडे घर मात्र जसेच्या तसे उभे असते.

शेवटचा हा मुद्दा किती मोलाचा आहे, हे रस्ट या खेळाकडे पाहिले की कळते. लाकूड, दगड, भूक, थंडी, घर हे सगळे रस्टमध्येही आहे, पण तिथला शत्रू म्हणजे इतर खेळाडू. तुम्ही संगणक बंद करून झोपलात तरी तुमचे घर त्या जगात उभे राहते, आणि पहाटे तीन वाजता कुणी स्फोटके लावून ते फोडून सामान नेऊ शकते. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणाऱ्या सुधारणेबरोबर जगेच पुसली जाऊन सगळ्यांचा डाव नव्याने सुरू होतो. रस्ट वाईट खेळ आहे असे मुळीच नाही, त्याचे चाहते पुष्कळ आहेत. पण तो खेळून कुणी निवांत झाल्याचे मी पाहिलेले नाही. साहित्य तेच असून परिणाम उलटा होतो, कारण तिथल्या संकटाला वेळापत्रक नाही आणि मशाल लावून ते दूर ठेवता येत नाही.

आता बांधण्याकडे वळू. दिवसभर कार्यालयात राबून आलेला माणूस रात्री पुन्हा दगड फोडत आणि लाकडे वाहत का बसतो, याचे घरातल्या इतरांना नवल वाटते. याचा खुलासा कामाच्या घडणीत आहे. माइनक्राफ्टमध्ये लाकडी कुदळीने दगड निघतो, दगडी कुदळीने लोखंडाचे खनिज निघते, लोखंडी कुदळीने हिरा निघतो. प्रत्येक पायरीवर पुढची पायरी दिसत असते, मेहनत केली की ती हमखास गाठता येते, आणि आज कुठली गाठायची हे सांगणारा कुणी साहेब नसतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत गरजा मांडल्या आहेत: आपले निर्णय आपण घेणे, आपल्याला काही जमते आहे असे वाटणे, आणि इतरांशी जोडलेले असणे. रायन यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये हीच कसोटी व्हिडिओ गेमना लावली, तेव्हा खेळातला आनंद या गरजा किती भागतात याच्याशी निगडित असल्याचे दिसले. मला यातली पहिली गरज सर्वांत मोठी वाटते. कामाचा कंटाळा श्रमांमुळे कमी येतो आणि दुसऱ्याने लावलेल्या क्रमामुळे जास्त येतो. म्हणून तर काही खेळाडू अख्खी संध्याकाळ कोठारातल्या पेट्या लावत बसतात, एका पेटीत निव्वळ दगड, दुसरीत निव्वळ बियाणे, आणि स्वतःच्या घरातले कपाट मात्र तीन महिने तसेच पडलेले असते.

या कामात चुकीची किंमतही नगण्य असते. व्हॅलहाइममध्ये आपण बांधलेली भिंत पाडली तर तिचे सगळे लाकूड परत मिळते, आणि मोडकी हत्यारे योग्य त्या कामाच्या टेबलापाशी फुकट दुरुस्त होतात. (माइनक्राफ्टमध्ये काच मात्र फुटते ती फुटतेच, आणि खिडकी एक ब्लॉक सरकवायची म्हणून तोडताना ते दरवेळी उशिरा आठवते.) खऱ्या घराच्या बांधकामात जिना चुकला तर जन्मभर त्या जिन्याने चढावे लागते, इथे तो पाचदा पाडून सहाव्यांदा मनासारखा करता येतो. आणि जे आपण स्वतः उभारले त्याचा लळा लागतोच. मायकल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोक स्वतः जोडलेल्या साध्या पेटीला किंवा स्वतः दुमडलेल्या कागदी पक्ष्याला जास्त मोल देताना आढळले. सुटे भाग देऊन फर्निचर घरीच जोडायला लावणाऱ्या कंपनीवरून याला आयकिया परिणाम असे नाव पडले. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा, की वस्तू अर्धवट राहिली किंवा बनवून लगेच मोडून टाकली, तर हा परिणाम विरून जात असे. रस्टमधल्या फुटलेल्या घराची खंत आणि व्हॅलहाइममधल्या उभ्या घराचे समाधान या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

व्हॅलहाइममध्ये घर हा खेळाच्या नियमांचाच भाग आहे, केवळ हौस नाही. छपराखाली शेकोटीजवळ थोडा वेळ बसले की ‘विश्रांती’ची अवस्था मिळते, तिच्यात दम लवकर भरून येतो आणि कौशल्ये लवकर वाढतात. ही अवस्था किती मिनिटे टिकणार हे घर किती सुखाचे आहे यावर ठरते: खुर्ची, टेबल, कातड्याचे आसन, भिंतीवरचे निशाण अशा प्रत्येक पायरीमागे एक मिनिट वाढते. म्हणजे घर सजवणे हे उधळपट्टीत जमा होत नाही, ती उद्याच्या मोहिमेची तयारी ठरते. बांधकामाला भारही असतो. जमिनीला टेकलेला भाग निळा दिसतो, आधारापासून दूर जावे तसा हिरवा, पिवळा, नारिंगी होत लाल होतो, आणि त्यापुढे लावलेली तुळई कोसळते. न छावलेले लाकूड पावसात झिजते. धुराला बाहेर जायला वाट लागते, हे मी माझ्या पहिल्या घरात शिकलो. चारही बाजूंनी गच्च बंद केलेल्या त्या सुंदर खोलीत मी शेकोटी पेटवली आणि बाहेर एकही राक्षस नसताना आतल्या आत गुदमरून मेलो. दुसऱ्या दिवशी आढ्यापाशी धुराडे काढले, त्याला पाऊस आत येऊ नये म्हणून वर छोटे छप्पर घातले, आणि त्या छपराकडे मी जितक्या कौतुकाने पाहिले तितक्या कौतुकाने आजवर कुठल्याही बक्षिसाकडे पाहिलेले नाही.

घरासाठी जागा निवडतानाही खेळाडू एकमेकांना न विचारता सारखेच वागतात. टेकडीचा माथा, पाठीशी कडा आणि समोर पाणी, नदीचे वळण, दरीच्या तोंडाशी असलेला सपाट कट्टा. ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे अ‍ॅपलटन यांनी १९७५ मध्ये असे प्रतिपादन केले, की जिथून आपल्याला दूरवर दिसते पण आपण सहजी दिसत नाही, अशी जागा माणसाला सुंदर वाटते, कारण तशा जागी तग धरणे सोपे जाते. सह्याद्रीतल्या माचीवर उभे राहून खाली पाहणाऱ्याला हे सिद्धांत म्हणून सांगावे लागत नाही. खेळातला खिडकीचा चौकोन, त्यातून दिसणारे अंधारे रान आणि आतला तांबूस उजेड ही त्याचीच लहान आवृत्ती आहे. माइनक्राफ्टमध्ये डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराने दिलेल्या पियानोच्या सुटसुटीत सुरावटी मधूनच येतात आणि मग मिनिटेच्या मिनिटे शांतता असते, तीही या निवाऱ्याच्या भावनेला पोषकच ठरते.

या निवांतपणाला एक खोडही आहे. या खेळांत निरनिराळ्या लांबीची कामे एकमेकांवर चढवून ठेवलेली असतात. माइनक्राफ्टच्या भट्टीत एक वस्तू वितळायला १० सेकंद लागतात, म्हणजे ६४ वस्तूंचा पूर्ण गठ्ठा व्हायला साडेदहा मिनिटांहून थोडे अधिक; तोवर गव्हाकडे एक चक्कर मारावी म्हणून निघावे, तर परत येईपर्यंत रात्र होते, रात्र संपते तोवर भट्टी रिकामी झालेली असते, आणि गहू अर्धाच पिकलेला असतो. सगळी कामे एकदम संपली असा क्षण कधी येतच नाही, त्यामुळे ‘एवढे झाले की उठतो’ हे वाक्य प्रामाणिक असूनही खोटे ठरते. मित्रांबरोबर एकाच सर्व्हरवर खेळताना यात भर पडते, कारण तुम्ही दोन दिवस न आल्यास तोवर ते कांस्य सोडून लोखंडापर्यंत पोहोचलेले असतात, आणि निवांतपणासाठी सुरू केलेल्या खेळाची हजेरी लागू लागते. मोबाइलवरच्या काही खेळांप्रमाणे इथे रोज न आल्याबद्दल दंड नसतो, हे खरे; पण घड्याळ बाहेरून लावून बसणे शहाणपणाचे.

ज्यांनी हे खेळ कधीच खेळलेले नाहीत त्यांना मी पीसफुल पातळीवर सुरुवात करायला सांगत नाही, ईझीवर करायला सांगतो. संध्याकाळ व्हायच्या आत थोडे लाकूड आणि दोन डझन मातीचे ब्लॉक जमवावेत, डोंगराच्या पोटात माणूस मावेल एवढी खोबण खणावी, आणि दार करायला वेळ मिळाला नाही तर तोंडाशी मातीचेच दोन ब्लॉक लावून आत बसावे. कोळसा मिळाला असेल तर एक मशाल लावावी. बाहेर हाडे खडखडतील, कुणी कण्हेल, आणि ७ मिनिटे खूप मोठी वाटतील. उजाडल्यावर उन्हात झोंबी आणि सांगाडे जळून जातात. क्रीपर नावाचा हिरवा राक्षस, जो मुळात डुकराचे चित्र करताना लांबी आणि उंचीची अदलाबदल झाल्याने जन्माला आला, तो मात्र उन्हात जळत नाही आणि जवळ आला की दीड सेकंद फुसफुसून फुटतो. तेव्हा मातीचा ब्लॉक काढताना आधी वरचा काढावा, बाहेर नीट पाहावे, आणि मगच खालचा काढावा.